उलटा एक्का: गोल पत्त्यांच्या खेळाच्या प्रकल्प नोंदी

9 मार्च 2025, पुणे

आजीच्या पितळी डब्यातले पत्ते आज पहिल्यांदा नीट मोजले. 113 भरले, म्हणजे सात हरवलेत. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण 120. पत्ते गोल. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन पान घोटत, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. आजीचा कॅट, म्हणजे पत्त्यांचा संच, त्याच जातीचा वाटतो. पानाला पान लागलं की लाकडासारखा आवाज येतो.

खेळायला बसलो की दोन गोष्टी डोक्यात राहतात. पहिली म्हणजे पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यात लहान, तर उरलेल्या पाचांत नेमकं उलटं, राजा-प्रधानानंतर एक्का आणि तळाला दश्शी. दुसरी, दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायचा मान, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. दिवे लागले की नियम बदलणारा दुसरा खेळ मला माहीत नाही.

अडचण अशी की तीन भिडूंत 120 पानं वाटली की प्रत्येकाच्या हातात 40 येतात. नव्या माणसाने 40 गोल पत्ते धरायचे तरी कसे? म्हणून गंजिफाच्याच चित्रांवर आणि उलट्या एक्क्याच्या कल्पनेवर नवा, छोटा खेळ रचायचा, सावंतवाडीच्या चिताऱ्याकडून चित्रं काढून घ्यायची, आणि लोकवर्गणीतून छापायचा असं ठरवलंय. दिवसा मी खोक्यांचं आणि वेष्टनांचं डिझाइन करते, म्हणजे छपाईची बाजू ओळखीची आहे. खेळाची रचना आणि चित्रकाराशी व्यवहार या दोन बाजू शिकायच्या आहेत.

22 मार्च, सावंतवाडी

राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये चिताऱ्यांना काम करताना बघितलं. हा कारखाना उभा राहिला नसता तर आज शिकवायलाच कोणी उरलं नसतं. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात ही कला मोडीत निघताना धरून ठेवली, तिथे नव्या मुलांना शिकवायची सोय केली. तिथून निघून चितारआळीत गेले. लाकडी आंबे, केळी, भातुकलीची खेळणी मांडलेली दुकानं ओलांडून एका घराच्या पडवीत ताई भेटल्या. तीसेक वर्षं गंजिफा रंगवतायत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं.

मी माझा नमुना दाखवला. संगणकावर एक मासा काढून, तोच दहा वेळा चिकटवून मत्स्याची दश्शी केली होती. ताईंनी पान उलटसुलट केलं, दारातल्या उजेडाकडे धरलं. "हे सगळे एकाच माशाचे फोटो. पाण्यात मासे असे रवतत काय?"

मग त्यांनी स्वतःची दश्शी काढली. दहा मासे होते, एकही दुसऱ्यासारखा नव्हता. एकाची शेपूट वळलेली, दोघे समोरासमोर, कडेचा एक जरा बारीक कारण तिथे गोलाची जागाच कमी. मांडणी त्या माशांनी एकमेकांना जागा करून दिल्यासारखी. नजर टाकली की न मोजता दहा कळतात, कारण दहांचा एक आकार डोळ्यात बसतो. माझ्या पानावर सात आणि आठ वेगळे ओळखायला मोजावं लागत होतं. हा फरक सौंदर्याचा तर आहेच, पण डाव भराभर चालण्याचाही आहे, हे मला तिथे पडवीत बसून कळलं.

एका रंगात एकपासून दहापर्यंत 55 चिन्हं होतात, दहा रंगांत 550. ताई म्हणाल्या, सगळी हाताने काढीन. मी हो म्हटलं.

6 एप्रिल, रामनवमी

घरी चौघांत चाचणी. ताईंना मी परवा फोनवर विचारलं होतं की खर्च वाचवायला पाचच अवतार ठेवले तर? त्यांचा प्रश्न आला, "कुणाक काढतलंस?" उत्तर नव्हतं.

त्यातून खेळ सुटला. कॅट पूर्ण 120 चाच ठेवायचा, पण प्रत्येक डावाला दहातले पाच रंगच खेळायचे. 60 पानं, तिघांत 20, चौघांत 15, पाचांत 12. प्रत्येक भिडू आपापला अवतार निवडतो, पाचांतले उरलेले पिसून काढायचे. कधी तीन सरळ आणि दोन उलटे येतात, कधी चार उलटे. कोणता रंग मैदानात आला यावर हातातल्या एक्क्याची किंमत ठरते. आज पहिल्याच डावात दादाने नरसिंहाचा राजा नको तिथे वापरून टाकला आणि शेवटचे चार हात एकामागून एक गमावले. पुन्हा मांडा म्हणाला. चार डाव झाले, जेवायला उशीर झाला.

कामचलाऊ नाव: उलटा एक्का.

13 एप्रिल

इतरांनी हा रस्ता कसा काढलाय ते बघतेय. माझ्या कामाचं जेवढं, तेवढंच टिपून ठेवते.

'साइद' हा बोर्डगेम 2015 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आला, रचनाकार जेमी स्टेगमायर. त्याच्या बाबतीत चित्रं आधी होती. पोलंडच्या याकूब रुझाल्स्कीने शेतात राबणारी माणसं आणि मागे उभी यंत्रं अशी चित्रमालिका काढत आणली होती, ती बघून खेळ रचला गेला. 'रूट'चा रचनाकार कोल वेर्ली, पण खेळ आठवला की आधी काइल फेरिनची चित्रं डोळ्यासमोर येतात. स्वीडनचा 'मर्क बोर्ग' हा पुस्तकातून खेळायचा भूमिका-खेळ, तो उघडला की पिवळ्या पानांवर अक्षरं धावताना दिसतात. योहान नूरने मांडणी अशी केलीय की नियम आणि चित्र वेगळे काढताच येत नाहीत. 'एक्सप्लोडिंग किटन्स'ला 2015 मध्ये 2,19,382 लोकांनी पैसे दिले. चित्रं मॅथ्यू इनमनची, अगदी साध्या रेघांची, पण त्याच्या रेघेवर लोकांचा आधीपासून जीव होता.

दुकानात माणूस खोका हातात घेतो, कोणी खेळताना बघतो. वर्गणी देणाऱ्यापुढे खेळच नसतो. नियमावली फार थोडे वाचतात. तो चित्र बघतो आणि वर्षभर थांबायची तयारी ठेवून पैसे देतो. म्हणजे छपाईच्या, गोदामाच्या, माझ्या मेहनतीच्याही आधी चित्रकाराचं काम पैसा आणतं. तरी बहुतेक हिशोबांत चित्रकाराला एकदाच ठरावीक रक्कम मिळते आणि खेळ दहापट विकला गेला तरी त्यात बदल होत नाही. आपण असं करायचं नाही, हे आज कागदावर लिहून भिंतीला लावलं.

आणखी एक टिपण. 1988 मध्ये न्यूरेंबर्गच्या खेळणी मेळ्यात 13 रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर सह्या केल्या, की खोक्यावर आमचं नाव छापणार नसाल तर खेळ देणार नाही. त्याआधी खेळ कोणी रचला हे खोक्यावर सहसा नसे. खोक्यावर नाव यायला भांडावं लागलं, तेही रचनाकारांना. चित्रकार मागेच राहिले.

27 एप्रिल

कराराचा मसुदा. ओळखीतल्या वकील मैत्रिणीने दोन तास बसून समजावलं आणि मी हादरले.

मला वाटत होतं की चित्र ज्याने काढलं त्याचाच हक्क. सर्वसाधारणपणे तसंच आहे. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमात एक अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन सांगून चित्र रंगवून घेतलं, आणि उलट काही ठरलेलं नसलं, तर पहिला मालक चित्र काढून घेणारा ठरतो. म्हणजे ताईंनी आणि मी विश्वासावर, कागद न करता काम सुरू केलं असतं तर 550 चिन्हांची आणि वीस राजा-प्रधानांची मालक मी झाले असते. त्यांना पत्ताही लागला नसता, आणि मलाही. गावाकडे बहुतेक काम तोंडी चालतं. तिथे गप्प बसण्याचा फायदा नेहमी पैसे देणाऱ्याला.

म्हणून मराठीत, दोन पानी करार केला. कलमं थोडक्यात:

चित्रांचा कॉपीराइट ताईंचाच राहील, मी काम सांगितलं असलं तरी. मला फक्त या खेळासाठी, सात वर्षं, छापायची परवानगी. कायद्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहिले. टी-शर्ट, पोस्टर, मोबाइलवरचा खेळ, काहीही वेगळं करायचं तर नवा करार. मूळ पत्ते ताईंकडे परत, त्यांनी हवे तर विकावेत. मानधन पानामागे 600 रुपये, 120 पानांचे 72,000, तीन हप्त्यांत, आणि लोकवर्गणी फसली तरी. त्याशिवाय विकल्या गेलेल्या प्रत्येक कॅटमागे 80 रुपये.

72,000 माझ्या साठवलेल्या पैशांतून जातील. काम आधी आणि पैसे लोकांनी दिले तर, हे मला पटत नाही.

ताईंना फोनवर वाचून दाखवला. "पैसे येतले तेव्हा येतले, पण मूळ पानां माका परत व्हयी." ते कलम होतंच. ठळक केलं.

18 मे, छापखाना

आज आकड्यांचा दिवस, आणि मला आवडलेला दिवस.

पान 65 मिलिमीटर व्यासाचं. डायने, म्हणजे कापायच्या साच्याने, कापताना दोन पानांत 4 मिलिमीटर हवेत, म्हणजे एका पानाला 69 धरायचे. शीट 20 बाय 30 इंचांचं, मशीन कागद पकडतं ती ग्रिपरची पट्टी आणि कडा सोडून वापरायला 488 बाय 742 मिलिमीटर उरतं. सरळ रांगांत मांडली तर सात रांगा, प्रत्येकीत दहा, एकूण 70 पानं. 120 च्या कॅटला दोन शीटं लागतात आणि 20 जागा वाया.

मशीनवरचे काका म्हणाले, गोल आहे ना, मग पेढ्यासारखं मांडा. खोक्यात पेढे भरताना दुसरी रांग पहिलीच्या खाचेत बसवतात तसं. घरी येऊन मांडलं. खाचेत बसवल्यावर रांगेतलं अंतर 69 वरून 59.8 वर येतं. आठ रांगा होतात, उंची 487.6. मिळणारी जागा 488! प्रत्येक रांगेत दहाच बसतात. 80 पानं. दोन कॅटांना बरोबर तीन शीटं, एकही जागा वाया नाही. 500 कॅटांना 1,000 ऐवजी 750 शीटं, वर खराबा वेगळा.

दहाही अवतार ठेवणं परवडणार आहे. ताईंना लगेच कळवलं.

8 जून

कोकणात पाऊस यंदा 25 मेलाच उतरला. ताई म्हणतात, लाख वाळता वाळत नाही, पानं हाताला चिकटतात. तरी मत्स्य, कूर्म, वराह पूर्ण. शनिवारी जाऊन आणले.

स्कॅनिंगचा पेच पडला. मी सुचवलं होतं की पानं दुप्पट आकाराची रंगवा, लहान करून छापू, रेघ स्वच्छ येईल. ताईंनी एक मोठं पान करून बघितलंही. लहान केल्यावर रेघा केसासारख्या बारीक झाल्या आणि शंखाचा, म्हणजे वराहाच्या चिन्हाचा, भरीवपणा गेला. कुंचल्याची जाडी आणि पानाचा आकार यांचं नातं असतं, ते मोडलं. तेव्हा आहे त्याच आकारात रंगवायचं आणि 1200 डीपीआयवर स्कॅन करायचं.

पण लाख लावलेलं पान स्कॅनरखाली चमकतं, पांढरे डाग पडतात. लाख लावण्याआधी स्कॅन केलं तर चमक नाही, पण रंग फिके, कारण लाखेने सगळ्यावर मधासारखी ऊब चढते. उपाय: लाखेआधी स्कॅन, मग लाख लावून झालेलं पान शेजारी ठेवून, खिडकीच्या उजेडात, एकेक रंग जुळवायचा. तीन अवतारांच्या पानांना दोन रविवार गेले. दहांना किती लागतील ते दिसतंच आहे.

29 जून

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचे नमुने, टेबलावर आले आणि दोन चुका माझ्याच पदरात पडल्या.

एक. रात्री पिवळ्या बल्बखाली दोन अवतारांच्या पानांच्या जमिनी, म्हणजे चित्रामागचे रंग, एक तांबडी आणि एक तपकिरी, एकच वाटल्या. आमच्या एका भिडूला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्याचे तर चार रंग एक झाले. जुन्या खेळात जमिनीचा रंग हीच ओळख आहे, पण तो दिवसाउजेडी, ओसरीवर, त्याच कॅटशी आयुष्य काढलेल्यांचा खेळ होता.

दोन. गोल पत्ते हातात पसरले की प्रत्येक पानाची फक्त चंद्रकोर दिसते. चौकोनी पत्त्याला कोपरा असतो, तिथे खूण बसते. इथे कोपराच नाही. मधले मासे झाकले जातात.

म्हणजे ओळख त्या चंद्रकोरीतच बसवायला हवी. मी कडेच्या पट्ट्यात संगणकाच्या टंकातला आकडा टाकून ताईंना पाठवला. त्यांना तो अजिबात आवडला नाही, आणि बरोबर होतं, हाताने काढलेल्या पानावर तो चिकटवलेल्या लेबलासारखा दिसत होता. शेवटी ठरलं ते असं: कडेच्या पट्ट्यात समोरासमोर दोन ठिकाणी अवताराचं छोटं चिन्ह आणि त्याखाली देवनागरी आकडा, दोन्ही ताईंच्या कुंचल्याचे. उलट्या एक्क्याच्या पाच रंगांना कडेला मण्यांची माळ, सरळ पाचांना साधी रेघ. मण्यांची माळ अंधारातही कळते आणि रंग न दिसणाऱ्यालाही.

हे जादा काम आहे. करारात नव्हतं. पानामागे 100 रुपये वाढवले, पुरवणी कागद केला.

6 जुलै

ताईंचा फोन. नियमावलीचा मसुदा मुलाकडून वाचून घेतला होता. "दिवसा राम, रात्री कृष्ण, बरा. तिन्हीसांजेक कोण?"

मी सूर्यास्ताला रात्र सुरू असं लिहिलं होतं. ताई म्हणाल्या, तिन्हीसांज ना दिवस ना रात्र, ती नरसिंहाची वेळ. हिरण्यकश्यपू तेव्हाच मारला. घरात दिवा लावून होईपर्यंत उतारी नरसिंहाच्या राजाची. नियमात घेतलं. एका ओळीने खेळाला घर मिळालं असं वाटलं, आणि ती ओळ चित्रकाराने दिली.

20 जुलै

लोकवर्गणीचं पान तयार करतेय. किकस्टार्टर 2009 पासून चालू आहे, पण भारतातल्या माणसाला तिथे स्वतःच्या नावावर मोहीम उघडता येत नाही. न्यू जर्सीतल्या एका मराठी काकांनी आपलं नाव वापरायला देऊ केलं. मनापासून आभार मानले आणि नाही म्हटलं. मग करार, पैसा, जबाबदारी सगळं त्यांच्या नावावर जाणार आणि ताईंची कलमं तिसऱ्या हातात. आपल्याकडच्याच संकेतस्थळावर करू. अट तीच ठेवलीय, ठरलेली रक्कम जमली तरच पैसे कापले जातील.

कॅटची किंमत 1,600. किमान 300 कॅट, म्हणजे 4,80,000.

"एआयने चित्रं केली नाहीत ना?" हा प्रश्न आत्ताच तिघांनी विचारला. किकस्टार्टरने 2023 च्या ऑगस्टपासून हे उघड लिहिणं सक्तीचं केलंय, आणि माझ्या मते ते सगळीकडे असायला हवं. माणूस न बघता पैसे देतो, तर चित्र कुठून आलं हे त्याला कळायला हवं. मी फक्त "नाही" असं लिहिलं नाही. ताईंचा हात, खारीच्या केसांचा कुंचला आणि वराहाच्या शंखावर फिरणारी रेघ, एवढंच असलेलं चाळीस सेकंदांचं चित्रीकरण टाकलं. चेहरा नाही. त्या रेघेत मध्यावर कुंचला थोडा दाबला जातो आणि टोकाला उचलला जातो. तो दाब बघून उत्तर मिळतं.

पैसे देणाऱ्यांना काय म्हणायचं यावर बराच खल झाला. 'बॅकर' नको होतं. जुन्या मराठी ग्रंथांत शेवटी आश्रयदात्यांची, आगाऊ वर्गणीदारांची यादी छापलेली असे. तेच घेतलं. नियमावलीच्या शेवटच्या पानावर वर्गणीदारांची नावं येतील.

16 ऑगस्ट, गोपाळकाला

मोहीम सुरू. पहिल्या दिवशी 61 कॅट.

25 ऑगस्ट

अमेरिकेने लहान पार्सलांची करमाफी 29 तारखेपासून काढलीय, नवी पद्धत अजून बसलेली नाही, त्यामुळे टपाल खात्याने आजपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलंय. आमचे तिकडचे वर्गणीदार आत्तापर्यंत 22. सगळ्यांना आजच लिहिलं की कॅट इथे राखून ठेवू, रस्ता उघडला की पाठवू, पैसे परत हवे असतील तर देऊ. दोघांनी परत मागितले. बाकीच्यांनी थांबतो म्हटलं. एकाने लिहिलं की डिसेंबरात बहीण येतेय, तिच्या बॅगेत द्या.

31 ऑगस्ट, सावंतवाडी

गणपतीत ताईंकडे. आरती, भजन झाल्यावर पडवीत डाव मांडला. कोकणात गणपतीच्या जागरणाला पत्ते नवे नाहीत, पण गोल पत्ते बऱ्याच जणांनी कपाटातच बघितले होते. बारा वर्षांची पुतणी दुसऱ्या डावात मण्यांची माळ बघून एक्के राखायला लागली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. एक आजोबा मागे उभे राहून बघत होते. ते लहानपणी खेळलेत. त्यांनी कडेच्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं, हे कशाला? मग स्वतः बसले, चष्मा घरी राहिला होता, आणि थोड्या वेळाने म्हणाले, असू दे.

रात्री अडीचपर्यंत खेळलो. मी खेळापेक्षा हात बघत होते. गोल पान पसरताना अंगठा मध्यावर ठेवून फिरवावं लागतं, चौकोनी पत्त्यासारखं सरकवता येत नाही. नियमावलीत हाताचं एक चित्र हवं. ताईंनी तिथेच पेन्सिलीने काढून दिलं.

15 सप्टेंबर

मोहीम संपली. 387 वर्गणीदार, 412 कॅट, 6,59,200 रुपये. ताईंच्या कॅटमागच्या वाट्याचे 32,960 होतात. त्यांना आकडा सांगितला, त्या दोनदा म्हणाल्या, "72 हजार मिळाले तेच मगे?" ते वेगळे, हे वेगळे, असं पुन्हा समजावलं. तीस वर्षांत चित्र विकल्यानंतर त्याचे पैसे परत आलेले त्यांनी पाहिलेले नाहीत.

22 सप्टेंबर, घटस्थापना

पत्ते आणि बोर्डगेमवरचा जीएसटी आजपासून 12 वरून 5 टक्के. 1,600 चा कॅट त्यामुळे 1,500 चा झाला. माल अजून जायचाय, बिलं आता फाटतील, तेव्हा भारतातल्या वर्गणीदारांना शंभर-शंभर परत पाठवतोय. दादा बसलाय त्या कामाला.

खोक्यावरच्या नावाचा प्रश्न आज निकाली निघाला, आणि सोपा नव्हता. मला ताईंचं नाव झाकणावर, माझ्या नावाएवढ्याच अक्षरात हवं. ताईंचं म्हणणं, "आमच्यात कोण नाव घालणा नाय." चितारी पानावर सही करत नाहीत, पिढ्यान् पिढ्या. मी त्यांना न्यूरेंबर्गची ती गोष्ट सांगितली. त्यांना त्यात फार रस वाटला नाही. त्यांच्या मुलाने वेगळं विचारलं: "आये, आजोबांची पानां खंय आसत, तुका ठाऊक आसा?" वडिलांनी रंगवलेले कॅट कुठे कुठे गेले, कोणत्या संग्रहात आहेत, कोणालाच माहीत नाही. नाव नाही, म्हणून शोधताही येत नाही. ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी निरोप आला की नाव घाला, वडिलांचंही घाला, कारण हात त्यांनी दिलाय.

झाकणावर तीन नावं आली. या नोंदींत मात्र ती लिहिणार नाही, खोक्यावरच वाचायची.

15 ऑक्टोबर

अमेरिकेची टपाल सेवा आजपासून परत सुरू. तिकडच्या 35 वर्गणीदारांचे टपालाचे पत्ते तपासून ठेवले.

9 नोव्हेंबर

छपाई झाली, डाय मारून पानं आली, आणि पहिल्या गठ्ठ्यात कड हललेली. साधारण मिलिमीटरभर. एवढ्याने काय होतं असं छापखान्यातून म्हणाले, आणि चौकोनी पत्त्याला खरंच फार होत नाही. पण गोल पानावर कडेला गोल पट्टा असला की डोळा दोन वर्तुळांची तुलना करतो. एकीकडे पट्टा जाड, एकीकडे बारीक, लगेच दिसतं. मण्यांची माळ तर एका बाजूला अर्धी कापली गेली होती.

शीटं मोजली. 140 शीटं अशी गेलीत. भांडण नाही केलं. शेजारी उभी राहून उरलेल्या गठ्ठ्यांवर डाय पुन्हा बसवून घेतली, दर पन्नास शीटांनी एक पान काढून भिंगाखाली बघितलं. खराबा धरून कागद जास्त घेतला होता, तरी 500 ऐवजी 462 कॅट पूर्ण भरतील. पैसे परत घेतलेले दोघे वगळून वर्गणीदारांचे 410 निघतात. पट्टा आतून आणखी दोन मिलिमीटर घ्यायला हवा होता, म्हणजे हललेली कड लपली असती. तो निर्णय डिझाइनचा, म्हणजे माझा. पुढच्या छपाईच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलाय.

6 डिसेंबर, सावंतवाडी

पहिले दहा कॅट ताईंना नेऊन दिले. त्यांनी मत्स्याची दश्शी काढली, मूळ पान शेजारी ठेवलं, दारात गेल्या. बराच वेळ बघत होत्या. मासे ठीक, म्हणाल्या, पण पाण्याचा निळा छापल्यावर एक पायरी काळा झालाय. मी तीन रविवार त्या निळ्यावरच घालवले होते. त्यांच्या डोळ्याला दिसलं. खरं आहे ते, लॅमिनेशनने रंग गडद होतो आणि मी प्रूफ लॅमिनेशनशिवाय तपासलं होतं. यादीत दुसरा क्रमांक.

हललेल्या शीटांतली पूर्ण न भरणारी पानं टाकायची नव्हती. ताईंनी मागून घेतली. आळीतल्या मुलांना कुंचला धरायला शिकवताना छापलेल्या चिन्हावरून हात फिरवायला देणार आहेत.

14 डिसेंबर, पुणे

कॅटमागच्या वाट्याचा पहिला हप्ता ताईंच्या खात्यावर जमा, हिशोबाचा कागद रजिस्टरने पाठवला. भारतातली 331 पार्सलं गेली. परदेशातल्यांपैकी एक कॅट बहिणीच्या बॅगेत, बाकीचे बांधून तयार. एका वर्गणीदाराचा पिनकोड चुकलाय, फोन करायचा आहे. नाशिकहून एकांनी विचारलंय की ढगाळ दुपारी, दिवा लावावा लागला, तर उतारी कोणाची. ताईंना विचारून कळवते.